बिझनेस स्कूलमधला फायनान्शियल अकाउंटिंगचा पहिला कोर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीएच्या पहिल्या सत्रातल्या मुलांसाठी फायनान्शियल अकाउंटिंगचे सराववर्ग मी बरीच वर्षं घेते आहे. समोर कोणी इंजिनिअर असतो, कोणी डॉक्टर, कोणी साहित्याची पदवीधर. प्रश्न मात्र साधारण तेच असतात, आणि ते वर्गात येत नाहीत. तास संपल्यावर दाराशी थांबून, हळू आवाजात विचारले जातात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले आकडे मुद्दाम सुटसुटीत ठेवलेत. चलन कुठलंही धरा.

मी कॉमर्सचा नाही. मागे पडेन का?

पहिले दोन-तीन आठवडे पडाल, कारण इतरांना शब्द ओळखीचे असतात आणि तुम्हाला नसतात. पुढे हे अंतर कमी होतं. ज्यांनी आधी नियम पाठ केलेले असतात, त्यांना नोंद पटकन लिहिता येते, पण "ही नोंद आजच का करायची, पुढच्या महिन्यात का नाही?" असं विचारलं की तेही थबकतात. कोर्सचा खरा भाग तिथूनच सुरू होतो आणि त्या जागी सगळे सारखेच नवखे असतात.

गणित किती लागतं?

बेरीज, वजाबाकी, टक्केवारी. दीर्घ मुदतीची कर्जं आणि रोखे शिकताना वर्तमान मूल्य काढावं लागतं, तेवढंच जरा वरच्या इयत्तेचं. या विषयात अडखळणारी बहुतेक मुलं आकड्यांपाशी अडत नाहीत. व्यवहाराचं वाक्य घाईने वाचलेलं असतं, तिथे अडतात.

डेबिट म्हणजे वाढ की घट?

ते खात्यावर अवलंबून आहे, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. डेबिट म्हणजे खात्याची डावी बाजू, क्रेडिट म्हणजे उजवी. त्यापलीकडे या शब्दांना दुसरा अर्थ चिकटवू नका. डेबिट वाईट आणि क्रेडिट चांगलं, हा समज तर पहिल्याच दिवशी पुसून टाका.

आता समीकरण बघा: मालमत्ता = देणी + मालकांचा हिस्सा. मालमत्ता समीकरणात डावीकडे आहे, म्हणून ती वाढली की डावीकडे, म्हणजे डेबिट. देणी आणि मालकांचा हिस्सा उजवीकडे, म्हणून ते वाढले की क्रेडिट. घट झाली की उलट बाजू. उत्पन्नाने मालकांचा हिस्सा वाढतो, म्हणून उत्पन्न क्रेडिट. खर्चाने तो कमी होतो, म्हणून खर्च डेबिट. सगळे नियम एवढ्या एका ओळीतून निघतात. ज्याला ते दर वेळी तिथून काढता येतात, त्याला पाठ करायची गरज उरत नाही.

मग पुढचा प्रश्न येतोच: खर्च आणि मालमत्ता दोन्ही डेबिट कसे? एक नकोसा, दुसरी हवीशी. पण दोघांची सुरुवात एकच आहे. आपण काहीतरी मिळवण्यासाठी पैसे मोजले. त्याचा उपयोग अजून व्हायचा असेल तर ती मालमत्ता, होऊन गेला असेल तर खर्च. गोदामातला माल मालमत्ता आहे. तोच विकला गेला की विक्रीचा खर्च होतो. हे नातं लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

मराठीतले जुने शब्द नावे आणि जमा. "त्याच्या नावे टाक" म्हणजे त्याच्याकडून येणं आहे असं लिही. उधारीवर माल नेणाऱ्या ग्राहकाचं खातं आपण डेबिट करतो, ते नेमकं हेच. माझ्या वर्गात हे सांगितलं की काही चेहरे एकदम मोकळे होतात, म्हणून इथेही सांगितलं.

मग खात्यात पैसे आले की बँक "क्रेडिट झाले" असं का म्हणते? माझी तर रोकड वाढली, म्हणजे डेबिट.

तुमच्या वहीत डेबिटच. पण बँक जो मेसेज पाठवते तो तिच्या वहीतून येतो. तुम्ही ठेवलेले पैसे बँकेला कधी ना कधी तुम्हाला परत द्यायचे आहेत, म्हणजे ते तिचं देणं आहे. देणं वाढलं की क्रेडिट. एकच व्यवहार दोन वह्यांत दोन बाजूंना लिहिला जातो, आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून कोणतीही नोंद लिहिण्याआधी वही कोणाची आहे ते ठरवा. मालक आणि व्यवसाय हीदेखील दोन वेगळी माणसं आहेत. मालकाने स्वतःचे पैसे धंद्यात घातले तर धंद्याच्या दृष्टीने ते बाहेरून आलेले पैसे.

दुहेरी नोंद कोणी शोधली?

दुहेरी नोंद म्हणजे प्रत्येक व्यवहार एकाच वहीत दोन बाजूंना लिहिणं, जितकं डेबिट तितकंच क्रेडिट. ती शोधणाऱ्या एका माणसाचं नाव घेता येत नाही. जिनोव्हा शहराच्या १३४० सालच्या सरकारी खातेवह्यांत ही पद्धत पूर्ण स्वरूपात दिसते. लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात व्यापाऱ्यांची ही रीत सविस्तर लिहिली. त्याला जनक म्हणतात ते तेवढ्यावरून.

नफा दिसतो, पण बँकेत पैसे नाहीत. हे कसं शक्य आहे?

या एका प्रश्नाचं उत्तर मनापासून समजलं तर निम्मा कोर्स झाला, म्हणून इथे सावकाश जाऊ.

समजा एक नवी प्रशिक्षण संस्था आहे. पहिल्या महिन्यात तिने एका कंपनीसाठी १,००,००० चं काम पूर्ण केलं आणि बिल पाठवलं. पैसे अजून आलेले नाहीत. पगारापोटी ४०,००० दिले. जागेचं वर्षभराचं भाडं, १,२०,०००, आगाऊ भरलं. दुसऱ्या एका ग्राहकाने पुढच्या महिन्यातल्या कामासाठी ३०,००० आधीच दिले.

आधी रोकड मोजू. आले ३०,०००, गेले १,६०,०००. रोकड १,३०,००० ने कमी झाली. आता नफा मोजू. काम पूर्ण झालं, म्हणून उत्पन्न १,००,०००. आगाऊ आलेले ३०,००० उत्पन्न नव्हेत, कारण काम अजून बाकी आहे. ते देणं आहे. पगार ४०,०००. भाड्यातला एकच महिना वापरून झाला, म्हणून खर्च १०,०००. नफा ५०,०००.

एकाच महिन्यात नफा ५०,००० आणि रोकड उणे १,३०,०००. मधले १,८०,००० कुठे गेले? ताळेबंदात, म्हणजे मालमत्ता, देणी आणि मालकांचा हिस्सा यांच्या पत्रकात बघा. ग्राहकाकडून येणं १,००,०००, आगाऊ भाड्याचे उरलेले ११ महिने म्हणजे १,१०,०००, आणि त्यातून ग्राहकाच्या आगाऊ रकमेचं देणं ३०,००० वजा. बरोबर १,८०,०००. कुठे काही हरवलेलं नाही. नफा आणि रोकड यांच्यातला प्रत्येक फरक ताळेबंदात कुठल्या तरी नावाखाली बसलेला असतो, आणि तो शोधून काढता येतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. तोवर मी ताळेबंदाकडे नुसती दोन रकान्यांची यादी म्हणून बघत होते.

यामागच्या पद्धतीला उपार्जन तत्त्व म्हणतात: पैसा हलला तेव्हा नोंद करायची नाही, घटना घडली तेव्हा करायची. आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये उत्पन्नाचा नियम आयएफआरएस १५ मध्ये आहे, तो २०१८ पासून लागू झाला. त्याचं सार असं की कबूल केलेल्या वस्तूवर किंवा सेवेवर ग्राहकाचा ताबा आला की उत्पन्न नोंदवायचं. भाड्याबद्दल एक खुलासा हवा: दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांची नोंद २०१९ पासून आयएफआरएस १६ प्रमाणे वेगळी होते. वर दाखवलेली साधी रीत १२ महिन्यांपर्यंतच्या करारांना चालते.

अॅडजस्टिंग एन्ट्री डोक्यावरून जातात.

वरच्या उदाहरणात तुम्ही त्यातली एक केलीत. वापरून झालेलं १०,००० भाडं मालमत्तेतून काढून खर्चात टाकलं, ती अॅडजस्टिंग एन्ट्रीच, म्हणजे हिशेबाचा काळ संपताना खाती खऱ्या स्थितीशी जुळवून घेणारी नोंद. प्रकार चारच आहेत. पैसे आधी दिले, उपयोग नंतर. पैसे आधी घेतले, काम नंतर. खर्च होऊन गेला, पैसे द्यायचे बाकी. काम करून झालं, पैसे यायचे बाकी. स्वतःला विचारा: पैसा आधी की घटना आधी, आणि आपण देणारे की घेणारे?

तपासायला एक खूण सांगते. अशा नोंदीत एक खातं नफा-तोटा पत्रकातलं असतं आणि एक ताळेबंदातलं, आणि रोकड कधीच नसते. तुमच्या नोंदीत रोकड आली असेल तर प्रश्न पुन्हा वाचा.

घसारा म्हणजे नवं यंत्र घेण्यासाठी दरवर्षी बाजूला ठेवलेले पैसे ना?

नाही. कोणी काहीही बाजूला ठेवत नाही. यंत्राचे पैसे घेतानाच देऊन झाले. ते यंत्र जितकी वर्षं काम करेल, तितक्या वर्षांवर तो खर्च वाटणं म्हणजे घसारा. यंत्र ५,००,००० चं, आयुष्य ५ वर्षं, शेवटी मोडीत ५०,००० येतील असा अंदाज. समान हप्त्यांच्या पद्धतीने वर्षाला ९०,००० घसारा. दोन वर्षांनी ताळेबंदात यंत्र ३,२०,००० ला दिसेल. बाजारात ते त्या भावाने विकलं जाईल असा याचा अर्थ नाही. अजून खर्चात न टाकलेला हा मूळ किमतीचा भाग आहे, बस.

आणि हे बघा: ५ वर्षं आणि ५०,००० हे दोन्ही अंदाज आहेत. व्यवस्थापनाने आयुष्य ५ ऐवजी ९ वर्षं धरलं तर घसारा ९०,००० वरून ५०,००० वर येतो आणि नफा दरवर्षी ४०,००० ने वाढलेला दिसतो. यंत्र तेच, काम तेच. म्हणून अहवाल वाचताना घसाऱ्याच्या टिपेत आयुष्य किती धरलंय ते मी सगळ्यात आधी बघते.

खर्च की मालमत्ता, हे ठरवण्यात खरंच इतकं काही अडतं का?

वर्ल्डकॉमची गोष्ट ऐका. ही अमेरिकेतली बडी दूरसंचार कंपनी. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल ती त्यांना शुल्क देत असे. त्या महिन्याची सेवा त्या महिन्यात वापरून संपली, म्हणजे तो उघड उघड खर्च. कंपनीने त्यातला मोठा भाग मालमत्ता म्हणून नोंदवला. जून २००२ मध्ये तिने जाहीर केलं की अशा नोंदी सुमारे ३.८ अब्ज डॉलरच्या आहेत. पुढे घोटाळ्याचा आकडा आणखी फुगला. जुलैमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हे उघडकीला आणलं तिच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, सिंथिया कूपर यांच्या नेतृत्वाखाली.

नोंदीच्या दृष्टीने बघितलं तर क्रेडिटची बाजू तीच राहिली. डेबिट फक्त एका खात्याऐवजी दुसऱ्या खात्यात गेलं. दोन्ही डेबिटच, म्हणून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट-क्रेडिट शिलकांची यादी, जुळलेलीच. पण खर्च लपला, नफा फुगला, आणि रोख प्रवाह पत्रकातही ती रक्कम दैनंदिन कामकाजातून उचलून गुंतवणुकीच्या भागात जाऊन बसली. "उपयोग व्हायचा आहे की होऊन गेला?" हा पुस्तकी वाटणारा प्रश्न हजारो माणसांच्या नोकऱ्यांपर्यंत पोचतो. मुलं हा धडा "सोपा आहे" म्हणून ओलांडून जातात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

शिल्लक मालाच्या तीन पद्धतींपैकी खरी कोणती?

मालाचे १०० नग १० ने घेतले, नंतर १०० नग १२ ने. एकूण २,२००. विकले १२०. जुना माल आधी गेला असं धरलं, म्हणजे फिफो, तर विक्रीचा खर्च १,२४० आणि शिल्लक माल ९६०. सरासरी ११ धरली तर १,३२० आणि ८८०. नवा माल आधी गेला असं धरलं, म्हणजे लिफो, तर १,४०० आणि ८००. कुठलीही जोडी घ्या, बेरीज २,२००. पद्धतीने एकूण खर्च बदलत नाही, या वर्षी किती आणि पुढच्या वर्षी किती एवढंच बदलतं. आंतरराष्ट्रीय मानकांना लिफो मान्य नाही, अमेरिकेच्या मानकांना आहे. म्हणून दोन देशांतल्या कंपन्यांचे नफ्याचे टक्के शेजारी ठेवण्याआधी ही टीप वाचा.

रोख प्रवाह पत्रकात नफ्यात घसारा मिळवतात. म्हणजे घसाऱ्यातून पैसे येतात?

येत नाहीत. नफा काढताना घसारा वजा केला होता, पण त्यासाठी या वर्षी पैसे गेले नव्हते. म्हणून ती वजाबाकी रद्द करायची. बाकीच्या ओळीही अशाच. नफा ८०, घसारा २० परत मिळवला, येणी ५० ने वाढली म्हणून वजा, माल ३० ने वाढला म्हणून वजा, पुरवठादारांचं देणं १० ने वाढलं म्हणून अधिक. कामकाजातून आलेली रोकड ३०. प्रशिक्षण संस्थेचं उदाहरण पुन्हा काढा आणि ५०,००० पासून सुरू करून उणे १,३०,००० पर्यंत स्वतः जाऊन बघा. हे पत्रक वेगळा विषय म्हणून शिकवलं जातं, पण यात नवीन काहीच नाही.

राखून ठेवलेला नफा कुठे ठेवलेला असतो?

कुठेच नाही. आजवरच्या नफ्यातला जो भाग भागधारकांना वाटला नाही, त्याचा तो हिशेब आहे. ती रक्कम कधीच यंत्रं, माल, येणी यांत मुरलेली असू शकते. "कंपनीकडे एवढा राखीव नफा आहे, मग लाभांश का देत नाही?" असं म्हणण्याआधी रोकड या ओळीकडे बघा.

जगप्रसिद्ध ब्रँडची किंमत ताळेबंदात शून्य कशी?

स्वतः घडवलेला ब्रँड मालमत्ता म्हणून दाखवायला मानकांची परवानगी नाही, कारण त्यावर नेमका किती खर्च झाला हे धंदा वाढवण्याच्या बाकी खर्चातून वेगळं काढता येत नाही. तोच ब्रँड दुसऱ्या कंपनीने विकत घेतला तर तिच्या ताळेबंदात तो दिसतो, कारण आता किंमत मोजलेली आहे. मला हा नियम पूर्ण समाधानकारक वाटत नाही. पण पर्याय काय, याचा विचार केला की कळतं: प्रत्येक कंपनीला आपल्या नावाची किंमत आपणच ठरवू दिली, तर ताळेबंदावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

सॉफ्टवेअर सगळं करतं. हाताने नोंदी कशाला?

सॉफ्टवेअर बेरीज करतं आणि खतावणी करतं, म्हणजे नोंदी ज्या त्या खात्यात उतरवतं. आलेले ३०,००० उत्पन्न आहेत की देणं, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. उद्या तुम्ही मार्केटिंगमध्ये असा किंवा मनुष्यबळ विभागात, समोर आलेल्या आकड्यामागे असा एक निर्णय आहे हे तुम्हाला दिसलं पाहिजे. ती नजर टी-आकाराची खाती कागदावर शंभर वेळा काढून येते. मला दुसरा मार्ग माहीत नाही.

अभ्यास नेमका कसा करू?

सोडवलेलं उदाहरण वाचून "समजलं" असं वाटतं, तिथेच घात होतो. मीही विद्यार्थी असताना पहिल्या चाचणीआधी सगळी सोडवलेली उदाहरणं दोनदा वाचली होती आणि कोऱ्या कागदापुढे एकही नोंद सुचली नव्हती. उत्तर झाका, व्यवहार वाचा, आधी साध्या मराठीत लिहा: काय आलं, काय गेलं, कोणाचं देणं झालं. मग खाती निवडा, मग बाजू, मग आकडा. चुकलात तर चूक खोडू नका. शेजारी लिहा की आपण काय समजलो होतो. परीक्षेआधी वाचायला याहून चांगली वही नाही.

सोबत एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि सत्रभर तोच ठेवा. ज्या आठवड्यात घसारा शिकाल, त्या आठवड्यात त्यातली घसाऱ्याची टीप वाचा. सुरुवातीची चकचकीत पानं नंतर वाचली तरी चालतील.

तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर ना?

डेबिट आणि क्रेडिटची बेरीज सारखी आहे, इतकंच. अख्खा व्यवहार लिहायचा राहिला, दोनदा लिहिला गेला किंवा चुकीच्या खात्यात गेला, तरी ती जुळते. वर्ल्डकॉमचीही जुळत होतीच.

आणि परीक्षेत जुळलीच नाही तर?

फरकाचा आकडा काढा. त्या रकमेचा व्यवहार प्रश्नात आहे का बघा. असेल तर एक बाजू राहिली आहे. नसेल तर फरकाला २ ने भागा. ती रक्कम कुठे सापडली तर ती उलट बाजूला लिहिली गेली आहे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल तपासा: ५४० च्या जागी ४५० लिहिलं की फरक ९० येतो. एवढ्याने सापडलं नाही, तर तेरीज तशीच सोडा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. पद्धत बरोबर असेल तर बहुतेक गुण तिलाच असतात, आणि चूक शोधण्यात अर्धा तास घालवून शेवटचा प्रश्न कोरा सोडलेल्या उत्तरपत्रिका मी फार पाहिल्या आहेत.